नोंदवहीतला मंगळवार

हृषीचा फोन सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आला आणि केतकीच्या हातातला चहा हातातच गार झाला.

"ताई, काल संध्याकाळी तुझ्या पिठाची भाकरी खाल्ली. अर्धीच. नाचणी मिसळलेली असते त्यामुळे चव छान लागली," तो म्हणाला. "पण नंतर जीभ बधिर झाली. घसा खवखवत राहिला, दोनदा उलटी झाली. आता तसा बरा आहे, फक्त बोटं थरथरतायत. असं होतं का यानं?"

"नाही," केतकी म्हणाली. "असं व्हायला नको."

हृषी तिचा धाकटा भाऊ. आंबोशीच्या आश्रमशाळेत शिक्षक होता. त्याच्या शाळेत दोनशे बारा मुलं होती आणि गेल्या दोन वर्षांत त्यांच्या ताटातला भात दिसेनासा झाला होता. भातावर करपा रोगाची अशी काही नवी जात आली होती की फवारणारे थकले, पण ती थकली नाही. त्या मुलांना आज दुपारी साडेबारा वाजता पहिल्यांदा पोटभर भाकरी मिळणार होती. आंबोशीत आणि आणखी दहा शाळांत, एकाच वेळी. मंत्री येणार होते, मांडव घातला होता. आणि ती भाकरी ज्या पिठाची, ते पीठ केतकीच्या सहीनं तयार झालं होतं.

"तू आज ते खाऊ नकोस," ती म्हणाली.

"कसं जमेल? मुलांच्या आधी शिक्षकानं खायचं, हा नियम आहे. आणि नियम नसता तरी मी काय, स्वतः न खाता त्यांना वाढू?" हृषीचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आणि तो मऊ बोलायला लागला की त्याला हलवणं कठीण, हे ती लहानपणापासून जाणून होती. "एक करतो. एरवी अर्धा तास आधी खातो, आज तासभर आधी खाईन. साडेअकराला. पूर्ण भाकरी. मला काही झालं नाही तर वाढू. तोवर तुला काही सापडलं तर फोन कर."

"हृषी, हा वेडेपणा आहे."

"मग लवकर शोध," तो म्हणाला आणि वर्गाची घंटा झाली म्हणून त्यानं फोन ठेवला.

*

डॉ. केतकी पोंक्षे पुण्याबाहेरच्या टेकडीवर पुरारसायन संस्थेत काम करायची. तिचं काम कुणाला एका वाक्यात सांगायचं तर ती जुनी मडकी वाचायची.

मडकं वाचणं ही काही जादू नव्हे. कच्च्या भाजणीच्या मातीला बारीक बारीक छिद्रं असतात. त्यात शिजवलेल्या अन्नाची चरबी, सालीवरचं मेण, राखेतले क्षार मुरतात आणि अडकून बसतात. बाहेरचं अन्न कुजून जातं, पण आतलं हजारो वर्षं टिकतं. चरबीतल्या कार्बनच्या वजनावरून हरीण शिजलं की मासा, ते कळतं. मासा फार तापला की त्याच्या चरबीतल्या लांब साखळ्या वळून त्यांच्या कड्या होतात. अशा कड्या सापडल्या तर भांडं नुसतं ठेवणीचं नव्हतं, चुलीवर चढत होतं, हे पक्कं. शेती आल्यावरच मडकं आलं असं पूर्वी शाळेत शिकवत. पण नांगर न पाहिलेल्या, शिकार करून आणि कंद उकरून जगणाऱ्या माणसांनीही मडकी घडवली होती, आणि ती काय रांधत होती ते मडकी सांगत होती.

केतकीच्या यंत्रानं त्यापुढची पायरी गाठली होती. त्याचं नाव थरवाचक. ते खापरीचा केसाहून बारीक थर लेझरनं उडवायचं, त्यातले रेणू मोजायचं, मग खालचा थर, मग त्याखालचा. त्यावरून आधी काय घातलं, मग काय, किती आच, किती वेळ, असा स्वयंपाकाचा सगळा क्रम मांडायचं. सह्याद्रीतल्या कोंडजाईच्या गुहेपाशी, ओढ्याकाठी सापडलेल्या सात हजार वर्षांपूर्वीच्या एका मडक्यानं त्या यंत्राला कडूकंद शिजवण्याची कृती सांगितली होती.

कडूकंद म्हणजे डोंगरातल्या तीन पानांच्या वेलाचा कंद. कितीही माजतो, कुठलीही कीड त्याला शिवत नाही, कारण तो विषारी असतो. मडकं म्हणालं, पातळ चकत्या करा, राखेच्या पाण्यात चाळीस मिनिटं उकळा. केतकीच्या प्रयोगशाळेत तीनदा तसं केलं. तिन्ही वेळा पिठात विषाचा मागमूस नव्हता. उंदरांनी तीन महिने खाल्लं आणि ते गुटगुटीत झाले. मग कारखाना उभा राहिला. अन्नटंचाईसाठी केलेल्या आणीबाणीच्या कायद्यानं कारखान्यातल्या प्रत्येक खेपेची तपासणी नंतर केली तरी चालणार होती. कृती सिद्ध होती ना.

नऊ वाजता संस्थेत पोचल्यावर केतकीनं पहिली हाक मारली ती जानीमावशीला.

जानकी हिलम, म्हणजे जानीमावशी, प्रयोगशाळेत मदतनीस होती. खालापूरच्या बाजूची कातकरी बाई, वय साठीला टेकलेलं. काचेची भांडी धुवायची, कंद सोलायची, चकत्या करायची, उकडायची, वाळवायची. तिच्या हातून गेल्या दहा वर्षांत एक नळकांडं फुटलं नव्हतं.

"मावशी, सबनीस सरांच्या केबिनची किल्ली तुझ्याकडे आहे ना? त्यांच्या कपाटात कारखान्याच्या पिठाची बरणी आहे, रिबीन बांधलेली."

"ती पाहुण्यांना दाखवायची हाय," जानी म्हणाली.

"आज मी पाहुणी आहे."

जानीनं तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता किल्ल्यांचा जुडगा काढला.

*

दहा वाजून वीस मिनिटांनी यंत्राच्या पडद्यावर एक टोक वर चढलं आणि चढतच गेलं. केतकीनं डोळे मिटून पुन्हा उघडले. टोक तिथंच होतं. बरणीतल्या पिठात विष होतं, चालण्याजोग्या मर्यादेच्या चाळीसपट.

तिनं हृषीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. शाळेच्या कचेरीत लावला, तर तिथल्या कारकुनानं सांगितलं की मंत्र्यांच्या बंदोबस्तासाठी दहालाच सगळ्यांचे मोबाइल जमा करून घेतलेत, आणि सर मांडवात आहेत, निरोप देतो. एवढं बोलून तोही ओढला गेला, कारण मागून कुणीतरी सतरंज्या कुठे आहेत म्हणून ओरडत होतं.

मग तिनं डॉ. रणधीर सबनीसांना लावला. ते संस्थेचे संचालक, योजनेचे प्रमुख, आणि वीस वर्षांपूर्वी तिला बोट धरून या विषयात आणणारे. ते आंबोशीतच होते, मंत्र्यांच्या गाडीची वाट पाहत.

"चाळीसपट?" ते म्हणाले. "बरणी कधीची आहे? कारखाना चालू करताना पहिली काही पोती फसली होती, त्यातली असेल."

"हृषीला काल त्रास झाला, सर. त्यानं पोत्यातलं पीठ खाल्लं."

"एका माणसाला उलटी झाली. डोंगरातल्या पाण्यानंही होते." मग त्यांचा आवाज खाली आला. "केतकी, मी काही राक्षस नाही. पण अकरा शाळांत मिळून चार हजार मुलं आहेत. काल रात्री ती काय खाऊन झोपलीत माहीत आहे? पेज. एक वाटी. त्यांच्यासमोरून मी भाकरी उचलायला सांगू, तर कारण लागेल. आपल्या प्रयोगशाळेत तीनदा स्वच्छ निघालेलं पीठ कारखान्यात विषारी का होईल? आच तीच, राख तीच, वेळ तोच. कारण दे, मी थांबवतो."

"निदान हृषीला सांगा, खाऊ नको म्हणावं."

"सांगतो, सांगतो," ते म्हणाले आणि सायरनचा आवाज आला.

कृतीवर सही तिची होती आणि ती सही मागे घ्यायचा अधिकारही तिचा होता. योजनेच्या ऑनलाइन जाळ्यावर एक अर्ज भरायचा, की प्रत्येक शाळेच्या पोत्यांवरचा कोड लाल होतो. केतकीनं अर्ज उघडला. 'कारण' या रकान्याशी तिचा हात थांबला. खरं सांगायचं तर तो फक्त कारण नव्हतं म्हणून थांबला नाही. सहा वर्षं तिनं जगाला सांगितलं होतं की मडक्याला सगळं आठवतं. सही मागे घेणं म्हणजे ते सगळं पाण्यात. आणि बरणी खरंच फसलेल्या पोत्यातली असली तर? तर चार हजार मुलांच्या तोंडचा घास तिनं भीतीपोटी काढून घेतला असता. तिनं अर्ज तसाच उघडा ठेवला आणि नोंदवही ओढली. पुढे कित्येक दिवस तिला त्या थांबलेल्या हाताची लाज वाटत राहिली.

नोंदवहीत तिन्ही खेपा जानीच्या गोल अक्षरांत होत्या. सोमवार: सोलणे, चकत्या, राख, उकळी चाळीस मिनिटे. बुधवार: वाळवणे. गुरुवार: दळणे. तिन्ही वेळा तसंच.

मंगळवार कुठे होता?

कारखान्यात चकत्या कढईतून थेट गरम हवेच्या बोगद्यात जात. चार तासांत पीठ. इथं मात्र सोमवार आणि बुधवार यांच्यामध्ये एक आख्खा दिवस होता आणि त्या दिवसावर एक शब्द नव्हता.

"मावशी," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "मंगळवारी तू काय करायचीस?"

"काय नाय," जानी म्हणाली. "मंगळवारी काय काम नसायचं."

"चकत्या कुठे असायच्या?"

"हितंच."

"थंड व्हायला ठेवायचीस?"

"थंड तर व्हायच्याच की." जानी आता जरा घाबरली होती. "माझं काय चुकलं का? तुम्ही लिवलं तसंच केलं. आईच्यान, एक मिनिट कमीजास्त नाय केलं."

ती खोटं बोलत नव्हती. केतकीला ते दिसत होतं. साडेदहा वाजून गेले होते. "वाळूच्या पेटीत कंद उरलेत का? मग आत्ता कर. पहिल्यापासून. मी इथे नाही असं समज."

"सगळं? नुसतं सांगितलं तर नाय चालणार?"

"नाही. करून दाखव."

जानीनं कंद सोलले. तिच्या विळीखालून पारदर्शक चकत्या पडत होत्या. राख चाळली, पाणी चढवलं. उकळी यायला लागणाऱ्या वेळेइतका लांब वेळ केतकीनं आयुष्यात पाहिला नव्हता. भिंतीवर कोंडजाईच्या उत्खननाचा मोठा आराखडा टांगला होता, तो ती उगाच पाहत राहिली. मध्ये दोनदा आंबोशीला फोन लावून झाला. एकदा लागला नाही आणि एकदा वाजून वाजून थांबला. अकरा पंचविसला चाळीस मिनिटं भरली. जानीनं गॅस बंद केला, चकत्या उपसल्या, आणि ओट्याखालून बांबूची एक रोवळी काढली, तांदूळ धुवायची असते तशी. चकत्या तीत ओतल्या, रोवळी कमरेवर घेतली आणि ती दाराबाहेर चालू लागली.

"कुठे निघालीस?"

"तुम्ही हितं नाय ना?" जानी म्हणाली, पण थांबली नाही.

केतकी मागोमाग गेली. बोळाच्या टोकाला शुद्ध पाण्याची खोली होती. तिथं वाफेचं पाणी करणारं काचेचं यंत्र दिवसरात्र चालायचं, आणि त्याला गार ठेवणारं पाणी नळीतून मोरीत अखंड पडत राहायचं. केतकी त्या खोलीत वर्षातून एकदा जात असेल. जानीनं रोवळी मोरीत, बरोबर त्या धारेखाली ठेवली, चकत्या बोटांनी पसरल्या आणि पदराला हात पुसले.

"झालं," ती म्हणाली. "आता उद्या दुपारी काढायच्या."

"हे काय आहे, मावशी?"

"काय म्हंजे? धुते." जानीला प्रश्नच कळला नाही. "उकडल्यावर वाहत्या पाण्यात एक दिस एक रात ठेवायचा. आमची आय ओढ्यात ठेवायची, दगड ठेवून वर. हितं ओढा कुठून आणू? हे पाणी फुकटच जातंय, म्हटलं हितंच ठेवू."

"वहीत का नाही लिहिलंस?"

"धुनं काय लिवायचं?" जानी म्हणाली. "तुम्ही भाताची कृती लिवताना तांदूळ धुतले म्हून लिवता का? आन मला वाटलं, मशिनीनं सांगितलंच असंल. मडक्याला म्हाईत असंल ना."

मडक्याला माहीत नव्हतं. माहीत असणारच नव्हतं. उकळताना कंदाच्या पेशी फुटतात आणि विष मोकळं होतं, पण ते चकतीतच भिजून राहतं. ते बाहेर नेतं वाहतं पाणी. ते काम झालं होतं टोपलीत, ओढ्यात, आणि टोपली कुजून गेली आणि ओढ्याचं पाणी तेव्हाच समुद्राला मिळालं. थरवाचकानं मडक्यात घडलेलं सगळं अचूक वाचलं होतं. मडक्याबाहेर काय घडलं, हे त्याला विचारायचं सुचलं नाही, आणि दहा पावलांवर भांडी धुणाऱ्या बाईलाही कुणी विचारलं नाही. या कंदातलं विष काढायची रीत कातकऱ्यांना आजही ठाऊक होती, पण योजना मंजूर करणाऱ्या समितीला सात हजार वर्षांचा पुरावा हवा होता. मावशीचा पुरावा साठ वर्षांचाच.

केतकी बोळातून धावत सुटली. अकरा पस्तीसला तिनं 'कारण' या रकान्यात लिहिलं: वाहत्या पाण्यात चोवीस तास धुणे ही पायरी कृतीत नाही. चूक माझी. खाली सही मागे घेतली.

पडद्यावरच्या शाळा एकामागून एक लाल होत गेल्या. दहा. अकरावी हिरवीच राहिली. आंबोशीच्या डोंगरात फोन लागायचा, पण इंटरनेटचं जाळं पोचत नव्हतं.

घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

*

आंबोशीचे सगळे नंबर पुन्हा पुन्हा फिरवून शेवटी सबनीसांनी फोन उचलला, तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मागे ध्वनिक्षेपकावर स्वागतगीत चाललं होतं.

"सर, कारण मिळालं. मंगळवार."

"काय?"

"आपल्या खेपा मंगळवारी धुतल्या जात होत्या. वाहतं पाणी, चोवीस तास. मावशी करायची, वहीत नाही. कारखान्यात ती पायरीच नाही."

सबनीस काही झालं तरी रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"हृषी कुठे आहे?" केतकीनं विचारलं.

"इथे समोर," ते म्हणाले, आणि मग फार हळू: "खुर्चीत बसवलंय त्याला. घाम फुटलाय. ऊन लागलं म्हणतायत सगळे, कांदा आणायला गेलेत."

"तुम्ही त्याला सांगितलं नाहीत?"

"गाडी आली, केतकी. मी... नाही सांगितलं."

तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडण्यात जाणारा वेळ हृषीचा होता. "ऊन नाही ते. मंत्र्यांच्या ताफ्यात डॉक्टर असेल. त्याला सांगा, कंदाचं विष आहे, मेंदूवर जातं, झटके येतील. श्वासाकडे लक्ष ठेवा. साडेअकराला खाल्लंय, एक पूर्ण भाकरी. आणि सर, पंगत."

सबनीसांनी फोन बंद केला नाही. तो खिशात गेला असावा, कारण पुढचं सगळं तिला कापडाआडून ऐकू आलं. पावलं. कुणाला तरी दोन वाक्यांत दिलेल्या सूचना. मग धडपड, मग स्वागतगीत मध्येच तुटलं आणि ध्वनिक्षेपकावर सबनीसांचा आवाज आला, पंचवीस वर्षं व्याख्यानं दिलेला, आता चिरका झालेला.

"मुलांनो, ताटाला हात लावू नका. पिठात विष आहे. चूक आमची आहे. कुणीही खाऊ नका."

गलका झाला. एक लहान मूल रडायला लागलं. पहिल्यांदा तिला वाटलं भीतीनं, मग तिच्या लक्षात आलं की ते भाकरीसाठी रडत होतं.

*

हृषीला जव्हारच्या रुग्णालयात नऊ दिवस ठेवलं. पहिल्या दिवशी दोनदा झटके आले. नेमकं कशामुळे ते डॉक्टरांना आधीच कळलं नसतं तर उष्माघात समजून भलतेच उपचार झाले असते, असं तिथल्या डॉक्टर बाईंनी केतकीला स्पष्ट सांगितलं. डाव्या हाताची थरथर राहील म्हणाल्या. फळ्यावर लिहायला उजवा लागतो, हृषी म्हणाला.

"सापडलं ना तुला कारण?" त्यानं पलंगावरून विचारलं.

"उशिरा सापडलं. आणि सापडायच्या आधी तासभर सही हातात धरून बसले होते." तिला हे त्याला सांगितल्याशिवाय राहवेना.

"मुलांना काय देणार आता?" एवढंच त्यानं विचारलं. "मी तिथे नाही. पुन्हा पेजच चालली असेल."

चौकशी समिती बसली. थरवाचकाला टाळं लागलं, सबनीसांनी राजीनामा दिला. केतकीला काढून टाकलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं. तिच्यावर एकच काम ठेवलं: कृती पुन्हा लिहिणं.

दहाव्या दिवशी तिनं कोरी वही घेतली, जानीमावशीला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. जानी खुर्चीच्या कडेवर अवघडून टेकली.

"सगळं सांग. धुणं, पुसणं, जे लिहायची गरज नाही असं वाटतं तेच आधी."

जानी विचार करत होती. तिची नजर भिंतीवरच्या आराखड्यावर गेली. त्यावर चूल, हाडं, दगडी पाती, सगळं जागच्या जागी रंगवलेलं होतं. चुलीपासून नऊ मीटर दूर, ओढ्याच्या काठावर, एक वर्तुळ होतं.

"ह्येच का ते मडकं?"

"हो."

"पालथं होतं?"

केतकीनं चमकून पाहिलं. उत्खननाच्या अहवालात तसं लिहिलं होतं: प्रवाहाकाठी, एकटे, उपडे. असं का, ते कुणालाच सांगता आलं नव्हतं, म्हणून पुढच्या पानावरच्या निष्कर्षांतून ते गळलं होतं.

"तुला कसं कळलं?"

"त्यात जेवण नाय रांधत. ते विषाचं मडकं. घरापासून लांब, पाण्याजवळ ठेवायचं आन पालथं घालायचं, म्हंजे पोरं त्यात कायबाय घालणार नाय." जानीनं आराखड्याकडे मान हलवली. "ही बाय शहाणी होती."

सहा वर्षं केतकी रोज त्या वर्तुळासमोर बसली होती. ओढ्याची निळी रेघ त्याला चिकटून गेली होती. मग वहीच्या पहिल्या ओळीत, जिथे कृती सांगणाऱ्याचं नाव येतं तिथे, तिनं लिहिलं: जानकी हिलम.

"कंद काढण्यापासून सुरू कर," ती म्हणाली.

"कवा काढले होते कारखान्यानं?"

"आषाढात. आपल्या तिन्ही खेपांचे पौषातले होते, पण कंद तोच."

जानी सावकाश म्हणाली, "वेल हिरवा असताना नाय काढायचा, मॅडम. तवा त्याचं विष धुवूनबी जात नाय. पान गळू द्यायचं, वेल वाळू द्यायचा."

"म्हणजे आता..."

"आता भादवा चाललाय. मार्गशीर्षात काढू."

केतकीनं ते लिहून घेतलं. मग फोन उचलला आणि हृषीला, मुलांना आणखी अडीच महिने थांबावं लागेल हे सांगायला, तिनं त्याचा नंबर लावला.